जास्त किलोमीटर झालेला जुना डिझेल पिकअप घेताना काय काय तपासावं?

मोकळा_हौदा

नमस्कार मंडळी. आजवर पेट्रोलची छोटी गाडी वापरली, तीही किल्ली फिरवली की सुरू झाली पाहिजे एवढ्याच अपेक्षेने. आता कामासाठी पिकअप लागणार आहे. मी पाण्याचे पंप बसवतो आणि दुरुस्त करतो. पाइप, साखळी-कप्पी आणि एक जड जनरेटर कायम सोबत असतो, शिवाय जायचं असतं तिथे बऱ्याचदा रस्ता नसतोच.

एक गाडी बघून ठेवली आहे. डबल केबिन, फोर बाय फोर, चार सिलिंडरचं कॉमन रेल (उच्च दाबाच्या एकाच नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल देणारं) टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअर. मीटरवर २,८०,००० किलोमीटर. मालक म्हणतो, सगळी हायवेची रनिंग आहे, इंजिनाला अजून पाना लागलेला नाही. गाडी बाहेरून चकाचक, आणि बोनेट उघडलं तर इंजिनसुद्धा धुऊन पुसून ठेवलेलं. का कोण जाणे, मला नेमकं तेच खटकलं.

एवढं रनिंग झालेली डिझेल गाडी घ्यावी का? माझं मला काय बघता येईल आणि कशासाठी मेकॅनिकला सोबत न्यावं? आणि काय दिसलं तर पुढचं काही न बघता मागे फिरावं?

लांबपल्ला

रनिंगला घाबरू नका, सर्व्हिसचे कागद मागा. ऑइल कधी बदललं, कोणतं टाकलं, टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला याची बिलं दाखवली तर पुढे बोला. "आमचा घरचा मेकॅनिक होता, बिल कशाला करतोय" असं उत्तर आलं तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चाला. डिझेलमध्ये चालत्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. चेन असेल तर थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड येते का ते ऐका.

बाकी काळे_हात येतीलच, त्यांचा आवडता विषय आहे.

काळे_हात

आलो.

वेळेवर ऑइल बदललेलं डिझेल इंजिन २,८०,००० काय, त्याच्या दीडपट सहज चालतं. हेळसांड झालेलं लाखातच बसतं. मीटर फक्त चाकं किती फिरली ते सांगतं, गाडी कुणाच्या हातात होती ते सांगत नाही.

जुनी डिझेल गाडी बघताना माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो. गाडी पूर्ण थंड असताना बघायची आणि पूर्ण तापल्यावर बघायची. विकणारा दाखवतो ती या दोन्हींच्या मधली, तुम्ही पोचायच्या आधी दहा मिनिटं सुरू करून ठेवलेली, कोमट. कोमट डिझेल इंजिन फार सभ्य वागतं. त्याच्या खोड्या निघतात त्या एकतर सकाळच्या पहिल्या सेल्फला, नाहीतर चढ चढून तापल्यावर.

तेव्हा मालकाला आधीच सांगा, "मी आल्याशिवाय सुरू करू नका." पोचल्यावर गप्पा नंतर, आधी बोनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर चहा-पाणी घेऊन निघा आणि दुसऱ्या दिवशी परत या. दुसऱ्या दिवशीही गरमच मिळाली तर ती गाडी सोडा. याहून जास्त तपासायची गरजच नाही.

थंड मिळाली असं धरू. सुरू करायच्या आधी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. थंड आहे, म्हणून उघडायचं. तापलेल्या गाडीचं हे झाकण उघडलं तर तोंड भाजून घ्याल. पाणी स्वच्छ रंगीत हवं. गंजाचा तपकिरी रंग असेल तर नुसतं पाणी घालून चालवली आहे. वर तेलाचा तवंग किंवा टाकीच्या कडांना चिकट चिखल असेल तर हेड गास्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील), ऑइल कूलर, काहीही निघू शकतं. मग डिपस्टिक. डिझेलचं ऑइल काळं असतंच, नवीन टाकल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यावरून काही ठरवू नका. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. आणि खूण ओलांडून वर असेल तर बोटावर घेऊन वास घ्या. डिझेलचा वास आला तर इंजिनात डिझेल उतरतंय, एकतर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) गळतोय नाहीतर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई पुन्हा पुन्हा अर्धवट सुटतेय. "ऑइल कमी होत नाही, उलट वाढतं" असं कौतुकाने सांगणारे मालक मी पाहिलेत.

आता एक हात रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. पाइप मऊ असतो आणि इंजिन कोमट होईपर्यंत मऊच राहायला हवा. सुरू केल्यावर मिनिटभरात तो ताठ, टणक झाला तर पाणी तापून तसं झालेलं नाही, एवढ्यात पाणी तापतच नाही. सिलिंडरमधला दाब हेड गास्केटमधून पाण्यात घुसतोय. या तपासणीला ना हत्यार लागतं ना पैसा, आणि बिचाऱ्या मालकाला तुम्ही काय बघताय तेही कळत नाही.

सेल्फ किती वेळ घेतला, पहिले काही सेकंद गाडी थरथरली का, धूर कोणता आला, हे सगळं त्याच वेळी बघायचं. म्हणून दोन माणसं न्या, एक बोनेटपाशी, एक सायलेन्सरपाशी. थंडीत थोडा पांढरा धूर आणि जरा थरथर, मग गाडी शांत, एवढं झालं तर बहुतेक ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारे तापते प्लग) गेलेत. त्यासाठी गाडी सोडू नका, भाव करा. हा धूर डोळ्यांना झोंबतो, कारण ते न जळलेलं डिझेल असतं. गाडी पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. निळा धूर म्हणजे ऑइल, टर्बोच्या सीलमधून किंवा पिस्टनच्या रिंगांमधून. जोरात रेस दिल्यावर काळ्या धुराचा एक झोत येऊन थांबला तर जुन्या गाडीत चालतं. पण डीपीएफ असलेल्या गाडीतून काळा धूर मुळीच यायला नको. सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर फडकं जवळजवळ स्वच्छ निघतं. काजळीने बरबटलं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी आतून पोकळ करून ठेवलाय.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडी फुंकर येणारच, टर्बो डिझेलमध्ये आणि एवढ्या रनिंगला ती साहजिक आहे. झाकण जरा थरथरेल. ते उडायला लागलं किंवा आतून आगगाडीसारखा भकभक धूर यायला लागला तर रिंगा आणि लायनर गेले, इंजिन उतरवावं लागेल. काही इंजिनांमध्ये तिथून ऑइल उडतं, तेव्हा चांगला शर्ट घालून जाऊ नका.

धुतलेल्या इंजिनाबद्दल तुम्हाला खटकलं ते बरोबर खटकलं. गळतीचा डाग म्हणजे पुरावा, आणि तो पुसलेला आहे. कधीकधी मालक खरोखरच हौशी असतो हेही खरं. उपाय एकच, गाडी भरपूर चालवा आणि परत आल्यावर खाली वाकून बघा. ताजं तेल खोटं बोलत नाही.

चालवायची म्हणजे कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं नाही. तासभर तरी, त्यात एक लांब चढ हवा. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर असताना पेडल पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेला आणि गाडी आहे तिथेच राहिली तर क्लच घसरतोय. पेडल दाबल्यावर मोकळा "हुश्श" आवाज येऊन ताकद मिळाली नाही तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचा) पाइप कुठेतरी फाटलाय, ते काम किरकोळ आहे. सायरनसारखा चढत जाणारा आवाज आला तर टर्बोची पाती घासताहेत किंवा बेअरिंग गेलंय, ते किरकोळ नाही. शंका आली तर टर्बोचा आत जाणारा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघता येतो, अर्थात इंजिन बंद असताना. आडवा किंचित हलतो, तो ऑइलच्या पडद्यावरच तरंगत असतो. आत-बाहेर हलता कामा नये आणि पात्यांची टोकं झिजलेली नकोत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जोरात जाऊन एकदम पाय सोडा. गिअर निसटून न्यूट्रल झाला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. मागून येणारा सूर ऐका. पाय दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा येत असेल तर डिफरन्शियल. सुटताना "टक" झालं तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस.

परत आलात, गाडी कडक तापलेली आहे. बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि परत सेल्फ मारा. लोक नेमकं हेच करत नाहीत, निघायची घाई असते. कॉमन रेलमध्ये साधारण २०० बारच्या आसपास दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडत नाही. डिझेल गरम झालं की पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून किंवा पंपातून मागे पळतं, दाब बनत नाही. थंड असताना पटकन सुरू होणारी गाडी तापल्यावर पाच-सहा सेकंद सेल्फ खात असेल तर बहुतेक इंजेक्टर नाहीतर पंप. जुन्या डिझेलमधला सगळ्यात महाग प्रकार हाच.

मागे कशावरून फिरावं विचारलंत. पाण्याचा पाइप टणक होणं, झाकण उडणं आणि चासीला वेल्डिंग. चासीबद्दल दुसऱ्या कुणीतरी लिहा, मी इंजिनाचा माणूस.

पाटे_तुटले

चासीचं मी लिहितो.

हौद्यात रबराचं मॅट असेल तर उचला. आधी पत्रा बघा, मग खाली झोपा. पिकअपने किती ओझं वाहिलं हे मागच्या पाट्यांवरून कळतं. सपाट जमिनीवर उभी करून दोन्ही बाजूंची उंची बघा. एक बाजू बसलेली असेल, पाटे उलटे वळलेले असतील किंवा दोन्हीकडे एकेक जास्तीचा पाटा चढवलेला असेल तर ओव्हरलोड चालली आहे. चासीखालचा रबरी बम्पस्टॉप दबून चपटा झालेला असेल तर अॅक्सल त्यावर वर्षानुवर्षं आपटलाय.

तडे जातात ते ठरलेल्या ठिकाणी, पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ आणि केबिन संपून हौदा सुरू होतो तिथे. केबिन आणि हौद्यामधली फट वरून खालपर्यंत सारखी हवी. वर कमी आणि खाली जास्त असेल तर चासी वाकलेली असू शकते. सगळी चासी जुनाट आणि मध्येच हातभर जागेत ताजा काळा रंग दिसला तर तिथे नखाने खरवडा. आणि लहान हातोडीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणतो, आतून गंजलेला बद्द वाजतो.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, मग डाव्या-उजव्या बाजूंना धरून. वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं हललं तर टाय रॉड. टायरच्या आतल्या कडा हाताने चाचपा, बाहेरून नवा दिसणारा टायर आतून टकला असतो. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

फोर बाय फोर मऊ मातीवर टाकून बघा, डांबरी रस्त्यावर नको. लो रेंजसुद्धा (जास्त ताकदीचा, हळू चालायचा गिअर) टाका. वर्षानुवर्षं कुणी वापरलेलीच नसते, मग ती बसते किंवा निघतच नाही.

स्कॅनरवाला

ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून बघायचं) कुणीच बोललं नाही म्हणून. स्कॅनर लावल्यावर फॉल्ट कोड नाहीत म्हणजे गाडी ठीक, असं समजू नका. कोड पुसायला अर्धं मिनिट लागतं. "कोड पुसल्यापासूनचं अंतर" नावाचा आकडा बहुतेक गाड्यांत मिळतो. तो १५ किलोमीटर असेल तर मालकाने आज सकाळीच पुसलेत. किल्ली ऑन केल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागून मग विझायला हवा. लागलाच नाही तर दिवा काढून ठेवलाय.

आणि इंजिन किती तास चाललं ते काढा. "हायवे रनिंग"चा खरा-खोटेपणा तिथे उघडा पडतो. किलोमीटरला तासांनी भागा, सरासरी वेग मिळतो.

डीपीएफ काढलेला असला तरी मला विचाराल तर चालेल, डोक्याचा ताप कमी.

काळे_हात

तासांचा मुद्दा लाखमोलाचा, मी लिहायला हवा होता.

डीपीएफवर मात्र असहमत. काढलेला असेल तर पुष्कळ ठिकाणी ते बेकायदा आहे, गाडी तपासणीत अडकते आणि पुढे विकताना तुम्ही याच मालकाच्या जागी असता. शिवाय तो कशासाठी काढला, हा प्रश्न उरतोच. डीपीएफमधली काजळी साधारण ६०० अंशांना जळून जाते, पण ऑइलच्या जळण्यातून उरणारी राख जळत नाही, साठत राहते. २,८०,००० ला राखेने भरणं समजू शकतो, तो धुऊन किंवा बदलून मिळतो. पण सारखा काजळीने भरतो म्हणून काढला असेल तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बो यांतलं काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते अजून तसंच आहे. दिवा बंद केला, आजार नाही.

मोकळा_हौदा

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आलो, सोबत एक मेकॅनिक नेला होता. इंजिन थंड मिळालं, हात लावून खात्री केली. पाइप मऊच राहिला. झाकण थरथरतं, उडत नाही. पांढरा धूर काही सेकंद आला, डोळ्यांना झोंबला आणि मग थांबला. मॅटखाली हौदा चेपलेला आहे पण चासी खणखणीत, वेल्डिंग कुठे नाही. पाटे मूळचेच. फडकं जवळपास स्वच्छ निघालं. क्लच ठीक. तासभर चालवून आल्यावर खाली बघितलं तर गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या जोडावर ओलसरपणा आहे, थेंब पडत नाही.

दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे तापल्यावर सेल्फ जास्त घेते. थंड असताना दीड-दोन सेकंद, गरम असताना चारेक. दुसरी म्हणजे इंजिनाचे तास ९,३०० निघाले. भागाकार केला तर ताशी ३० किलोमीटरच येतात. हे हायवेचं रनिंग कसं? मालकाला विचारलं तर म्हणाला, स्कॅनर चुकीचं दाखवतोय.

लांबपल्ला

मीटर मागे फिरवलाय. सोडा.

काळे_हात

थांबा, एवढ्यात नको. ९,३०० मध्ये गाडी उभी असताना इंजिन चाललेले तास किती? बऱ्याच ईसीयूंमध्ये ते वेगळे नोंदलेले असतात, मेकॅनिकला परत बघायला सांगा. ते वजा करून भागाकार करा. पेडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी, गिअरच्या दांडीची मूठ आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड मीटरशी जुळते का तेही बघा. मीटर फिरवणारे पेडलचं रबर नवीन टाकतात, पण सीटची कड सहसा विसरतात.

सेल्फबद्दल सांगतो. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून तिथे चार सारख्या बाटल्या लावतात आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवतात. चारही बाटल्यांत साधारण सारखं डिझेल जमायला हवं. एखादी दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. काही इंजिनांत परतीची नळी इंजिनाच्या वरच्या कव्हरच्या आतून असते, तिथे हे इतकं सोपं नाही, पण तुमच्या मेकॅनिकला ठाऊक असेल.

टेस्टच्या आधी डिझेल फिल्टर काढून त्यातलं डिझेल पांढऱ्या ताटलीत ओता आणि उन्हात धरा. तळाला पाण्याचे थेंब दिसले तर निचरा केलेला नाही. चांदीसारखी चमक दिसली, बोटावर घेतल्यावर चमचमणारी बारीक भुकटी, तर हाय प्रेशर पंप आतून खरवडला जातोय. ती भुकटी रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये गेलेली असते. पंप, रेल, इंजेक्टर, सगळं बदलायचं आणि टाकी-नळ्या धुवायच्या. असं दिसलं तर बाटल्या लावायची गरज नाही, नमस्कार करून निघा. काही फिल्टर बंद डब्याचे असतात, ते कापून बघावे लागतात. मालकाला नवीन फिल्टर आणून द्या, म्हणजे तो कुरकुर करणार नाही.

कॉम्प्रेशनही त्याच फेरीत उरकून घ्या. गेज नसेल तर एक जुनी युक्ती आहे. इंजेक्टरचे सॉकेट काढले की गाडी सुरू होत नाही, नुसती फिरते. सेल्फ मारून कान द्या. चारही सिलिंडर चांगले असतील तर आवाज एका लयीत येतो. एखादा कमजोर असेल तर दर फेरीला त्या जागी सेल्फ पटकन सुटतो आणि लय मोडते. याने आकडा मिळत नाही, पण चौघांत आजारी कोण आहे का ते कळतं. सॉकेट काढल्याचे कोड मेमरीत पडतील, ते नंतर पुसा, नाहीतर स्कॅनरवाला तुमच्यावर संशय घेतील.

मोकळा_हौदा

परत जाऊन आलो. मालक वैतागला, पण फिल्टर नवीन मिळाला म्हणून गप्प बसला.

उभ्याचे तास ४,१०० निघाले. म्हणजे चालतीचे ५,२०० आणि सरासरी ताशी ५४. सीटची कड झिजलेली आहे पण फाटलेली नाही. मग मालकाने सांगितलं की गाडी आधी एका रस्त्याच्या कामावर होती, साहेब आत एसी लावून बसायचे.

फिल्टरमध्ये थोडं पाणी, चमक अजिबात नाही. सेल्फची लय एकसारखी. बाटल्यांमध्ये पहिला, दुसरा, चौथा सारखे, तिसरा जवळजवळ दुप्पट.

लांबपल्ला

मीटरचं माझं विधान मागे घेतो. एसीवाल्या साहेबांचं काही सुचलं नव्हतं.

काळे_हात

आता चित्र जुळतंय. हायवेचं म्हणणं खरं आहे आणि मीटरही खरा आहे. पण या इंजिनाचं वय २,८०,००० नाही. उभ्या उभ्या चाललेले ४,१०० तास मीटरला दिसतच नाहीत. शिवाय डिझेलला तासन् तास आयडल मानवत नाही. इंजिन नीट तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही, ईजीआर आणि इनटेक मॅनिफोल्ड काजळीने भरतात, डीपीएफ लवकर तुंबतो. ऑइल किलोमीटरवर मोजून बदललं असेल तर प्रत्यक्षात जवळपास दुप्पट तास चालवलं गेलंय.

तरीही तुम्ही जे बघून आलात त्यावरून इंजिन आतून शाबूत वाटतं. लय एकसारखी, झाकण उडत नाही, पाइप मऊ, फिल्टरमध्ये चमक नाही. एवढ्या आयडलनंतर हे बरंच म्हणायचं. मी असतो तर ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला असता. लोखंड जास्त आलं तर लायनर-रिंगा, तांबं-शिसं आलं तर बेअरिंग, सिलिकॉन आलं तर एअर फिल्टरमधून धूळ गेलेली, सोडियम-पोटॅशियम आलं तर कूलंट. मालकाने नुकतंच ऑइल बदललं असेल तर मात्र पाठवू नका, नव्या ऑइलमध्ये काही सापडणार नाही.

जोडावरचा ओलसरपणा बहुधा क्रँकच्या मागच्या सीलचा. थेंब पडत नाही तोवर हात लावू नका, पुढे क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा सील टाका. ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं, मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं जड चाक) असेल तर तेही तेव्हाच बघा. इंजिन बंद करताना खडखड येते का ते ऐकलंत का? आली तर त्याचे पैसे आत्ताच भावात धरा, क्लचपेक्षा ते महाग असतं.

ग्लो प्लग चारही बदला. एवढ्या रनिंगला ते हेडमध्ये धरून बसलेले असतात आणि काढताना तुटतात. इंजिन गरम असताना, आधी तेल सोडून, हळू हळू काढणारा माणूस शोधा. इम्पॅक्ट गन घेऊन येणाऱ्याला हात लावू देऊ नका.

आणि तिसरा इंजेक्टर. मालक म्हणेल, मी एक टाकून देतो. टाकू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. खालची तांब्याची वॉशर नवीनच हवी, जुनी परत लावली तर तिथून गॅस निसटतो आणि इंजेक्टरभोवती काळा डांबरासारखा थर जमतो. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर आकडे-अक्षरांचा एक कोड असतो, तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता नुसता इंजेक्टर बसवला तर गाडी चालते, पण आयडल खडबडीत राहतो, धूर येतो आणि तुमचा डीपीएफ भरत जातो. तेव्हा काम तुमच्या मेकॅनिकसमोर होऊ दे, कोड भरलेला स्क्रीनवर बघा. मग परत तासभर चालवा, तापवा, दहा मिनिटं थांबा आणि सेल्फ मारा. दोन सेकंदांत उचलली तर पैसे द्या. चार सेकंद तसेच राहिले तर पंपाकडे बोट जातं, आणि पंप मालकाच्या खर्चाने झाल्याशिवाय व्यवहार करू नका.